पर्यटनाच्या हिशेबातील गळती

सरकारी अहवालात एखादे वाक्य एकदा छापले गेले की ते लेखकाचा पिच्छा सोडत नाही. माझ्या हातून असे एक वाक्य २०१२ साली लिहिले गेले. केंद्राच्या निधीतून झालेल्या पर्यटनविषयक कामांची पाहणी करण्यासाठी मी त्या वर्षी ऑगस्टमध्ये लेहला गेलो होतो. दिल्लीहून निघण्यापूर्वीच अहवालाचा आराखडा तयार होता (आमच्याकडे बहुधा असेच घडते) आणि त्यातील रोजगाराच्या प्रकरणात मी लिहिले होते की, हंगामी कामगार मोठ्या प्रमाणावर बाहेरचे असल्याने मजुरीच्या रूपाने जिल्ह्याबाहेर गळती होते, आणि म्हणून मदतीच्या अटींमध्ये स्थानिक रोजगाराचे किमान प्रमाण निश्चित करावे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात वावगे वाटण्याजोगे काही नाही. कान्ह आणि केन्स यांनी १९३० च्या दशकात मांडलेला गुणक आम्ही एम.ए.ला घोकून पाठ केला होता. पर्यटकाने खर्च केलेला रुपया गावातल्या गावात जितके वेळा फिरेल तितका गावाचा लाभ मोठा. तो बाहेर गेला की ती गळती. हॉटेलातील दारू बाहेरून येते ती गळती, तांदूळ बाहेरून येतो तीही गळती, आणि आचाऱ्याने घरी पाठवलेली मनीऑर्डर हीसुद्धा गळतीच. ह्या शब्दाची मोठी सोय अशी की, तो वापरला म्हणजे पाणी कोठून येते याचा विचार करावा लागत नाही. केवळ भोक बुजवण्याचा करावा लागतो.

आम्ही उतरलो होतो ते एका लडाखी कुटुंबाचे बारा खोल्यांचे अतिथिगृह होते. मालक निवृत्त शिक्षक. तिकडच्या रीतीप्रमाणे सर्वजण त्यांना 'आचो-ले' म्हणत, म्हणजे दादा. 'ले' हा आपल्या 'जी'सारखा आदराचा प्रत्यय. पहिल्या सकाळी न्याहारीला कांदेपोहे आले. वर खोबरे नव्हते, पण लिंबाची फोड होती आणि फोडणीत कढीपत्ता होता. साडेअकरा हजार फुटांवर कढीपत्ता कोठून आला, हे विचारायला मी स्वयंपाकघरात गेलो. पश्चिम नेपाळातील एक तिशीचा तरुण तेथे पराती घासत होता. आचारीही तोच. पुण्यामुंबईकडच्या सहलींचे जथे लेहला येतात, ते पुष्कळदा आपले महाराज बरोबर आणतात. अशाच एका महाराजांकडून तो पोहे, साबुदाण्याची खिचडी आणि बेताचे तिखट पिठले शिकला होता. कढीपत्ता त्याने गोव्याहून वाळवून आणला होता. ऑक्टोबर ते मे तो गोव्यात समुद्रकिनाऱ्यावरील एका शॅकमध्ये काम करी. पावसाळ्यात शॅक मोडली जाते, त्याच सुमारास लडाखचे रस्ते उघडतात. मग तो इकडे येई.

त्याला सारे 'बहादूर' म्हणत. मीही म्हणत असे. ते त्याचे नाव नव्हते, हे मला तिसऱ्या दिवशी कळले. तेही मी विचारले म्हणून नव्हे, तर त्याला घरून फोन आला आणि तो स्वतःचे नाव उच्चारून बोलू लागला म्हणून.

मी आचो-लेंपुढे माझा स्थानिक रोजगाराचा मुद्दा मांडला. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. शिक्षकाच्या पद्धतीने त्यांनी मलाच प्रश्न विचारला : आमचा पर्यटनाचा हंगाम कधी? मी म्हणालो, जून ते सप्टेंबर. आणि शेतीचा? मी गप्प बसलो. लडाखमध्ये वर्षातून एकच पीक येते. जवाची कापणी ऑगस्ट-सप्टेंबरात असते, जर्दाळू उतरवायचे ते त्याच दिवसांत, हिवाळ्यासाठी चारा आणि इंधन साठवायचे तेही तेव्हाच. ज्या चार महिन्यांत जग लडाख पाहायला येते, नेमक्या त्याच चार महिन्यांत लडाखी माणसाला स्वतःच्या शेतातून डोके वर काढायला सवड नसते. आणि आता तर त्या शेतातही बिहारी आणि नेपाळी हात लागतात, कारण मुले जम्मूला, चंदिगडला, दिल्लीला शिकतात. आचो-लेंचा मुलगा चंदिगडला होता. "त्याने परत येऊन चार महिने भांडी घासावीत आणि आठ महिने बर्फ पाहत बसावे, असे तुमच्या अहवालात लिहिणार का?" एवढेच ते म्हणाले.

ह्या गृहस्थांचे घर आणि अतिथिगृह बाहेरच्या माणसामुळे चालत होते, ही गोष्ट एक वेळ सोडून देऊ. माझे लक्ष वेधले ते त्या आचाऱ्याच्या वर्षाने. गोव्याचा हंगाम आणि लडाखचा हंगाम एकमेकांना पूरक आहेत : एक मावळतो तेव्हा दुसरा उगवतो. पण दोन प्रदेश कागदावर पूरक असून भागत नाही. एका ठिकाणी कमावलेले कौशल्य दुसऱ्या ठिकाणी नेणारा कोणीतरी असावा लागतो. समुद्रकिनाऱ्यावर परदेशी प्रवाशाची न्याहारी करायला शिकलेला हात लेहमध्ये तयार मिळतो, लेहमध्ये मराठी कुटुंबाचे पथ्य सांभाळायला शिकलेला हात पुन्हा गोव्यात जातो. हे प्रशिक्षण कोणत्याही योजनेतून झालेले नाही आणि त्यावर सरकारचा एक रुपयाही खर्च झालेला नाही. काश्मिरी दुकानदारांचेही असेच. उन्हाळ्यात लेहच्या बाजारात शाली विकणारे हिवाळ्यात गोव्यात किंवा कोवळमला भेटतात.

लेहला हे नवीन आहे असेही नव्हे. हा बाजार मुळात वाटसरूंनी वसवलेला. यारकंदहून आलेले तांडे, काश्मिरी व्यापारी, होशियारपूरचे लाला येथे महिनोन्‌महिने मुक्काम करीत. त्यांतील काहींनी लडाखी स्त्रियांशी लग्ने केली आणि त्यांच्या वंशजांचा 'आर्गोन' नावाचा समाज आजही लेहमध्ये आहे. नामग्याल राजांचा प्रासाद, त्याच्या पायथ्याशी जामा मशीद, जवळच मोरावियन मिशनऱ्यांचे चर्च आणि १९५९ नंतर आलेल्या तिबेटी निर्वासितांची दुकाने, हे सारे एका फेरफटक्यात पाहून होते. आपले पर्यटक त्याची छायाचित्रे घेतात. १९७४ साली लडाख पर्यटकांना खुले झाले तेव्हा दाखवायला जे होते, त्यात ह्या मिसळीचा वाटा फार मोठा होता.

मग रस्ते. लेहला मोटारीने जाणाऱ्या प्रत्येकाने सीमा रस्ते संघटनेचे गमतीदार फलक वाचलेले असतात. त्या फलकांखाली खडी पसरणारा, तोंडाला फडके बांधलेला मजूर बहुधा झारखंडच्या दुमका भागातला, संथाळी बोलणारा असतो. समुद्रसपाटीजवळचा माणूस पाच हजार मीटर उंचीवर डांबर तापवतो. पर्यटनाच्या आर्थिक लेख्यांत पर्यटकाने कशावर खर्च केला हे मोजतात. हॉटेल, विमान, टॅक्सी सारे त्यात येते. ज्याने रस्ता मोकळा ठेवला नसता तर टॅक्सी पुढे गेलीच नसती, तो त्या लेख्यांत येत नाही. संरक्षणाच्या खर्चात कोठेतरी त्याची मजुरी विरघळलेली असते.

आचो-लेंनी दोन वर्षांपूर्वीच्या रात्रीविषयी सांगितले ते अखेरच्या संध्याकाळी. ५ आणि ६ ऑगस्ट २०१० यांच्या मधल्या रात्री लेहवर ढगफुटी झाली. चिखलाचा लोंढा बसस्थानक, रुग्णालय आणि चोगलमसरच्या वस्तीतून गेला. दोनशेहून अधिक माणसे मेली. त्या वस्त्यांच्या कडेला, कोरड्या ओढ्यांच्या पात्रांत, मजुरांच्या पालांची गर्दी असे. जमीन फुकटची तेवढीच. "आमच्या गावातले कोण गेले ते आम्हांला सकाळपर्यंत पाठ झाले होते," ते म्हणाले, "पालांत किती जण होते ते विचारायला मात्र कोणीच उरले नव्हते." नुकसानभरपाई द्यायची तर नाव लागते, वारस लागतो, तो अमुक दिवशी तेथे होता याचा पुरावा लागतो. मी प्रशासनात इतकी वर्षे काढली, त्यामुळे त्या अर्जाचे रकाने माझ्या डोळ्यांपुढे आले आणि ते कोणी भरले असतील हेही.

नोंद का नव्हती? कायदा तर १९७९ पासून होता. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांच्या त्या कायद्यात नोंदणी होती, पासबुक होते, मासिक वेतनाच्या निम्मा किंवा ७५ रुपये, यांतील जो अधिक असेल तो विस्थापन भत्ता होता. पण तो कायदा ठेकेदाराने भरती केलेल्या माणसांसाठी होता. स्वतःच्या पायांनी आलेला, गाववाल्याच्या ओळखीने कामाला लागलेला माणूस त्यात बसत नव्हता, आणि पर्यटनात बहुतेक माणसे अशीच येतात. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने स्वतःहून आलेल्यांनाही व्याख्येत घेतले, ही मोठी सुधारणा आहे. परंतु त्यासंबंधीच्या तरतुदी दहा किंवा अधिक स्थलांतरित कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतात. बारा खोल्यांच्या अतिथिगृहात सहा माणसे असतात. शिवाय संहिता एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांविषयी बोलते. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे आमचा पोहे करणारा येथे विनापरवाना राहू शकतो, काम करू शकतो. मात्र तो कोणत्याच राज्यातून आलेला नाही.

जनगणनेचे तर आणखी गमतीचे. हिमाच्छादित भागांत ती आधी होते. २०११ च्या जनगणनेची तेथील संदर्भतिथी १ ऑक्टोबर २०१० होती आणि २०२७ च्या जनगणनेसाठी ती १ ऑक्टोबर २०२६ ठेवली आहे. त्या सुमारास हंगामी कामगार परतीच्या वाटेला लागलेला असतो. तरीही २०११ साली लेह जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ६९० स्त्रिया निघाल्या. १ लाख ३३ हजार वस्तीच्या जिल्ह्यात सैनिक आणि मजूर किती असतील, याची पुसट सावली ह्या एका आकड्यात दिसते.

दुसरी बाजू मला ठाऊक नाही असे नाही. जेमतेम पावणेतीन लाखांच्या प्रदेशाला आपली जमीन, पाणी आणि नोकऱ्या यांची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. २४ सप्टेंबर २०२५ रोजी लेहमध्ये उद्रेक झाला, चार जणांचे प्राण गेले. सहाव्या अनुसूचीच्या मागणीवर सेवेतील अधिकाऱ्याने भाष्य करू नये, मीही करणार नाही. एवढेच नोंदवतो की, जमीन घेऊन हॉटेल बांधायला येणारा आणि त्या हॉटेलात भांडी घासायला येणारा, ह्या दोघांना आपण 'बाहेरचे' ह्या एकाच शब्दात कोंबतो, आणि रोष पुष्कळदा जवळ सापडतो त्याच्यावर निघतो. केरळ सरकार अशा कामगारांना 'अतिथी कामगार' म्हणते आणि २०१७ मध्ये त्याने त्यांच्यासाठी 'आवाज' ही विमा योजना काढली. शब्द बदलून पोट भरत नाही हे खरे, पण विम्यासाठी नोंदणी करावी लागते, आणि नोंदणी झाली म्हणजे २०१० सारख्या रात्रीनंतर निदान यादी असते.

हा मजकूर वाचणारे आपण बहुतेक जण घराबाहेरच आहोत. सांगली जिल्ह्यातील विटे-आटपाडीकडची गलाई मंडळी केरळपासून नेपाळपर्यंत सोने गाळीत बसलेली आहेत. त्यांनी गावी पाठवलेल्या पैशातून विहिरी आणि शाळा झाल्या. त्या पैशाला विट्यात कोणी गळती म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. लेहमधून जे गळते ते दुमक्यात पोहोचते. दोन्ही ठिकाणे एकाच देशाच्या नकाशावर आहेत, ही साधी गोष्ट माझ्या जिल्हानिहाय तक्त्यात मावत नव्हती. मे २०२० मध्ये टाळेबंदीत अडकलेल्या साठ मजुरांना झारखंड सरकारने लेहहून विमानाने परत नेले आणि जूनमध्ये दुमक्याहून मजुरांची विशेष गाडी पुन्हा लडाखकडे निघाली. त्या काही आठवड्यांत कोण कोणावर अवलंबून आहे, हे माझ्या अहवालापेक्षा स्पष्ट झाले.

दिल्लीला परतल्यावर मी ते वाक्य खोडले आणि त्या जागी दोन परिच्छेद लिहिले. वरिष्ठांना ते लांबलचक वाटले. 'स्थानिक रोजगाराचे किमान प्रमाण' परत आले, थोड्या मवाळ शब्दांत. मी फारसा वाद घातला नाही. तसे करायला हवे होते असे आता वाटते. परिशिष्टात भेट घेतलेल्या व्यक्तींची यादी असे. उपायुक्त, अभियंते, हॉटेल संघटनेचे पदाधिकारी, आचो-ले यांच्यानंतर मी त्या तरुणाचे खरे नाव घातले. टंकलेखकाने विचारले, "साहेब, पदनाम काय लिहू?" मी म्हणालो, "आचारी." अंतिम प्रत छापून आली तेव्हा यादीत सतराच नावे होती. अठरावी ओळ कोणी काढली हे मी विचारले नाही.