अमोनियाचा समतोल

केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली. या हायड्रोजनपासून खतांसाठी अमोनियाही तयार करायचा आहे. हायड्रोजनचा उगम बदलेल. समतोलाचा नियम मात्र बदलणार नाही.

नायट्रोजन व हायड्रोजन यांच्या संयोगात उष्णता बाहेर पडते. त्यामुळे तापमान वाढवले, की समतोल मागे सरतो आणि अमोनियाचे पुन्हा विघटन होऊ लागते. तापमान उतरवले, तर तो अमोनियाच्या बाजूने झुकतो. पण अभिक्रियेचा वेगच मंदावतो. म्हणून लोहाचा उत्प्रेरक वापरून सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअसवर तडजोड होते आणि अमोनियाचे घटलेले प्रमाण प्रचंड दाबाने भरून काढावे लागते.

उत्प्रेरक वेग वाढवतो, समतोल हलवत नाही. तरीही कमी तापमानावर क्रियाशील राहणारा उत्प्रेरक लाभला, तर कमी दाबही पुरेल. देशातील प्रयोगशाळांसमोरचे खरे आव्हान हेच आहे.