पणजोबांची तिथी

पितृपंधरवड्यात आमच्या घरी सर्वपित्री अमावास्येला एक पान जास्तीचं असतं. ते पणजोबांचं. ज्याच्या मरणाची तिथी माहीत नाही, त्याचं त्या दिवशी करायचं. पणजोबा पलटणीत होते. बोटीनं इटलीला गेले आणि परत आले नाहीत. आजोबा तेव्हा दोन वर्षांचे होते. सरकारी कागद आला होता म्हणे, पण गावाकडचं माळवद कोसळलं तेव्हा त्याचीही माती झाली.

गेल्या दिवाळीत आजोबा मला म्हणाले, "दिवसभर कॉम्प्युटरपुढे असतोस. आमचा बाप सापडतो का बघ की एकदा."

शाळेत मी शिकलेलं दुसरं महायुद्ध म्हणजे हिटलर, पर्ल हार्बर आणि हिरोशिमा. त्यात नगर जिल्हा कुठेच नव्हता. शोधायला लागल्यावर कळलं की इटलीत सुमारे पन्नास हजार भारतीय सैनिक लढले आणि ५,७८२ जण तिथेच गेले. या मोहिमेत वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यातले सहा भारतीय सैन्याला. त्या सहातले दोघे आपल्याकडचे, दोघेही मराठा लाइट इन्फंट्रीचे.

नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीच्या काठी त्यांनी दोन जखमी साथीदारांना एकेक करून खोल पाण्यातून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून मागे आणलं आणि मग एकट्यानं शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या. ते जगले, घरी आले. रायगडमधल्या पळसगावचे यशवंत घाडगे आले नाहीत. १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात ते पडले तेव्हा २२ वर्षांचे होते. त्यांची कबर नाही. कसिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे, ज्यांची कबर माहीत नाही अशा चार हजारांहून जास्त नावांमध्ये. २०२३ मध्ये मोंतोने गावात त्यांच्या नावानं एक सूर्यघड्याळ उभं राहिलं. त्यावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ, 'आपण सगळे एकाच सूर्याखाली'.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर नाव टाकून शोधता येतं. अडचण स्पेलिंगची. गोऱ्या कारकुनानं आपलं नाव कसं ऐकलं आणि कसं लिहिलं, काय सांगणार? मी एक छोटा प्रोग्राम लिहून शक्य तेवढी स्पेलिंगं तयार केली आणि रोज रात्री ऑफिसचं काम आटोपल्यावर एकेक तपासत बसलो.

शेवटी दोन नोंदी उरल्या. नाव तेच, पलटण तीच. एक नाव कसिनोच्या स्मारकावर, तारीख जुलै १९४४ ची. दुसरं फोर्लीला, एप्रिल १९४५ चं. फोर्लीच्या स्मारकावर त्यांची नावं आहेत ज्यांना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी दिला गेला. दोन्ही नोंदींत ना गावाचं नाव, ना बापाचं.

आठवडाभर मी गप्प राहिलो. फोर्लीचंच नाव सांगून टाकावं, असं मनात आलं. निदान अग्नी तरी मिळाला, एवढं समाधान त्यांना झालं असतं. पण ते खोटं ठरलं असतं. मग दोन्ही नोंदी दाखवल्या.

आजोबांनी चष्मा लावून मोबाइलवरचे दोन्ही फोटो बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "पंचांगातून दोन्ही तारखांच्या तिथ्या काढ. दोन्हींना पान वाढू."

"पण आजोबा, त्यातला एक आपला नाहीच ना."

"दुसऱ्या कुणाचा तरी बाप असेल. जेवू दे."

यंदा दोन्ही तिथींना पानं वाढली. आईनं दोन्ही वेळा खीर केली. सर्वपित्रीला मी विचारलं, आज नको ना आता? आजोबांनी मान हलवली. "दोघातला एकही नसला तर? तो उपाशी राहील."

तिसरं पान मीच वाढलं.