प्रश्न कुणी विचारायचा?

नेर नावाची गावे महाराष्ट्रात एकाहून अधिक आहेत. आमचे नेर म्हणजे नेर-परसोपंत. अमरावतीहून यवतमाळला जाणाऱ्या रस्त्यावरचे, तालुक्याचे गाव. एसटीतला प्रवासी इथे उतरला तर चहापुरता उतरतो. मी मात्र इथल्या मुलांना मराठी शिकवतो, आणि हिवाळ्यात पऱ्हाटी पांढरी झाली की त्यांतल्या काहींना घेऊन सात दिवस एखाद्या खेड्यात मुक्काम ठोकतो. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर म्हणतात ते हेच.

पुण्या-मुंबईचे स्नेही भेटले की हटकून विचारतात, "अहो, तुमची मुले मुळात खेड्यातलीच ना? मग त्यांना पुन्हा खेडे कशाला दाखवता? माशाच्या पिलाला का पोहणे शिकवायचे असते?"

शंका रास्त आहे. शहरातल्या मुलाने आयुष्यात एकदा तरी तिफण पाहावी, हे कुणालाही पटेल. पण ज्याचे बालपणच वावराच्या धुऱ्यावर गेले, त्याला शेजारच्या गावात नेऊन काय मिळवायचे?

या कल्पनेला तसा मोठा इतिहास आहे. १९५९ साली चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने तर अशी शिफारस केली होती, की मुलांनी कॉलेजची पायरी चढण्यापूर्वी नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा करावी, आणि तीही सक्तीने! सक्ती काही झाली नाही. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, सदतीस विद्यापीठांत ही योजना सुरू झाली ती स्वेच्छेची म्हणून. दोन वर्षांत २४० तास काम आणि एक शिबिर, असा तिचा हिशेब. काही मुले सेवेच्या ओढीने येतात, काही मित्र आला म्हणून येतात, आणि काही वाढीव गुणांवर डोळा ठेवून येतात. माझी कुणाबद्दलच तक्रार नाही. देवळात माणूस प्रसादासाठी गेला तरी घंटा वाजवतोच की!

तर मिळते काय? श्रमदानाने अंग घट्ट होते, शोषखड्ड्यात मोठे दगड खाली आणि बारीक वर घालायचे हे कळते, पन्नास माणसांच्या पिठल्याला बेसन किती लागते याचाही अंदाज येतो. हे सारे खरेच; पण माझ्या मते खरी मिळकत निराळी आहे.

आपण मुलांना पंधरा वर्षे शिकवतो, म्हणजे काय करतो? प्रश्न विचारतो. आणि ते असे, की त्यांची उत्तरे आपल्याला आधीच ठाऊक असतात! काव्यातला अलंकार कोणता, हे परीक्षकाला माहीत असते. मुलाने ते सांगायचे, एवढेच. पदवी मिळेपर्यंत मुलगा अशी हजारो उत्तरे देतो. पण ज्याचे उत्तर स्वतःला खरोखरच माहीत नाही असा प्रश्न दुसऱ्या माणसाला विचारण्याची वेळ त्याच्यावर फारशी येतच नाही. ती येते शिबिरात. त्यातही आमच्या नेरच्या मुलांची अडचण शहरातल्या मुलांहून मोठी असते. खेडे आपल्याला ठाऊकच आहे, अशी त्यांची खात्री असते.

एका शिबिरात आम्ही घरोघर पाहणी करत होतो. हाती छापील तक्ते. दुसऱ्या वर्षातली एक मुलगी एका ओसरीवर बसली होती; मी दाराशी उभा. तक्त्यातली पहिलीच ओळ होती, 'कुटुंबप्रमुखाचे नाव'. तिने सराईतपणे विचारले. समोरच्या बाईने भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिले.

"थे तं गेले, माय."

आमच्या जिल्ह्यात कापूस पिकवणाऱ्याच्या घरातला असा फोटो काही वेळा पुढचे काही न विचारताच कळतो. मुलीचे पेन थांबले. माझ्याकडे वळून ती उत्तर मागेल असे वाटले. पण ती वळली नाही. जरा वेळाने, छापलेला नव्हता तो प्रश्न तिने विचारला, "मावशी, मंग वावर कोन पाह्यते?"

"मीच. दुसरं कोन हाय?"

मुलीने त्या ओळीत बाईचे नाव लिहिले आणि वाचून दाखवले. बाई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "वाच बरं अजून एक डाव."

त्या रात्री शाळेच्या खोलीत मुलांनी उरलेले तक्ते समोर घेतले. 'कुटुंबप्रमुखाचे नाव' या शब्दांवर पेन्सिलीने रेघ मारली आणि वर लिहिले, 'घर कोण चालवते?' मराठीच्या तासाला शब्दाचे वजन मी वर्षानुवर्षे समजावून सांगतो. त्या रात्री मला काहीच सांगावे लागले नाही.

तसेच बंधाऱ्याचे. नाल्यात मातीच्या पोत्यांचा बांध कुठे घालायचा, हे पोरांनी झटक्यात ठरवून टाकले होते. एकाने काठावर बसलेल्या म्हाताऱ्याला सहज विचारले, "आबाजी, पाणी कुठवर चढते?" आबाजींनी काठीने खूण दाखवली, त्या हिशेबाने बांधाचे पाणी थेट शेजाऱ्याच्या तुरीत शिरणार होते. पोती वीस पावले वर गेली. विचारले म्हणून तूर वाचली.

आमचे विद्यापीठ १९८३ साली अमरावतीला स्थापन झाले. आज ते ज्या गाडगेबाबांचे नाव लावते, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. बाबा गावात शिरले की आधी खराटा चालवत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. त्यांचे कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्तीच! वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांना विचारत, आणि श्रोते आपल्याच तोंडाने उत्तर देत विचारात पडत. एका निरक्षर माणसाने लोकांना विचारत विचारत शहाणे केले; पदवीधरांनी लोकांना विचारत विचारत शहाणे व्हावे, एवढाच या शिबिरांचा अर्थ मी लावतो.

शिबिराहून परतल्यावर मुले काही एकदम संत होत नाहीत. मागच्या बाकावरची कुजबुज चालूच राहते. पण एखादा हात वर येतो. "सर, या धड्यात सुगी आली म्हटले आहे. आमच्याकडे कापूस निघून वावर मोकळे झाले की उलंगवाडी म्हणतात. त्याला पुस्तकात शब्द कोणता?"

माझ्याजवळच्या पुस्तकांत तो मला अजून सापडलेला नाही. वर्गातली निम्मी मुले मात्र घरी विचारून येणार आहेत.