आमचे मिशनरी शेजारी

ह्यांच्या नोकरीनिमित्त आम्ही मध्य अमेरिकेंतील कोस्टा रिका ह्या देशांत, सान होसे शहरीं, सहा वर्षें काढलीं. त्यांतील एक वर्ष आमच्या भिंतीला भिंत लावून एक अमेरिकन मिशनरी जोडपें राहत होतें. ही बातमी मीं पुण्याला कळविली तेव्हां सासूबाईंचें दोनच शब्दांचें उत्तर आलें, "सांभाळून राहा." त्यांना दोष देण्याचें कारण नाहीं. १८९५ सालीं नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, त्याचा धक्का कित्येक घरांना पिढ्यान् पिढ्या पुरला. लक्ष्मीबाईंचीं 'स्मृतिचित्रें' आमच्या घरांत सर्वांनीं वाचलीं आहेत, वाचतांना हंसलींहि आणि रडलींहि आहेत. तरी 'मिशनरी' म्हटलें कीं सासूबाईंच्या कपाळाला आठी पडतेच.

मला मात्र पहिला प्रश्न पडला तो निराळाच. १९४९ च्या राज्यघटनेनें कॅथलिक पंथ हाच राज्याचा धर्म ठरविलेल्या देशांत ख्रिस्ती धर्म शिकवावयाला आणखी कोणी कशाला यावें? उलगडा पुढें झाला. शेजारी प्रॉटेस्टंट होते. आणि येथें ते शिकवावयास आलेच नव्हते, शिकावयास आले होते. दक्षिणेकडील स्पॅनिश मुलुखांत जाणाऱ्या मिशनऱ्यांना भाषा शिकविणारी एक शाळा सान होसे येथें विसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आलेली आहे. वर्षभर तेथें धडे गिरवावयाचे आणि मग नेमलेल्या ठिकाणीं जावयाचें, असा क्रम.

तीं दोघें तिशीच्या आंतबाहेरचीं, बरोबर दोन लहान मुलें. २०१७ च्या जानेवारींत तीं आलीं तेव्हां त्यांना स्वतःच्या घराचा पत्ताहि सांगतां येत नव्हता. त्यांत त्यांचा अपराध नाहीं. तेथें घराला क्रमांक असला तरी तो कोणी विचारीत नाहीं. 'देवळापासून दोनशें मीटर दक्षिणेला, पन्नास मीटर पूर्वेला, पांढरें फाटक,' हा पत्ता. आणि शंभर मीटर म्हणजे शंभर मीटर नव्हेत, रस्त्याचा एक चौक. शहरांतील एका मोठ्या बसस्थानकाला सगळे 'कोका-कोला' म्हणतात, कारण त्या जागीं कोणे एके काळीं त्या पेयाचा कारखाना होता. भ्रमणध्वनीवरील नकाशा हातीं धरून तो बिचारा अमेरिकन गृहस्थ गल्लींत उभा राही. पत्र्या मारुति आणि चिमण्या गणपति ह्यांच्या आधारानें वाढलेल्या आम्हां पुणेकरांना मात्र त्यांत कांहींच नवल वाटलें नाहीं.

दारावर थाप मारावयाची नाहीं, फाटकाबाहेर उभें राहून 'उपे!' अशी हांक द्यावयाची, हें तीं आठ दिवसांत शिकलीं. सरकारी कागदावर दुसरें आडनांव काय लिहावें, हें शिकावयाला अधिक वेळ लागला. तेथें प्रत्येकाला दोन आडनांवें, पहिलें बापाचें, दुसरें आईचें. आणि लग्नानंतर बायको आपलीं दोन्ही तशींच ठेवते. नवऱ्याचें एकच आडनांव लावणारी ही शेजारीण कचेरींतल्या कारकुनाला नवऱ्याची बहीणच वाटली! जेवणाचीहि तीच गत. दुपारच्या ताटाला, म्हणजे भात, घेवड्याच्या दाण्यांची उसळ, तळलेलें केळें वगैरे, तेथें 'कासादो' म्हणतात; 'कान्सादो' म्हणजे थकलेला. गृहस्थांनीं खानावळींत जाऊन एक थकलेला मनुष्य मागविला. आम्हां शाकाहारी माणसांना तें अन्न त्यांच्यापेक्षां लवकर मानवलें. चरबी घातली आहे का, एवढें विचारून घेतलें कीं झालें. आमच्या दोघांच्याहि घरमालकीणबाई पाहुण्याला कढत पाण्यांत गूळ विरघळवून देत. त्याला त्या 'आग्वा दुल्से' म्हणत. गूळपाणी इतक्या दूर भेटेल असें मला स्वप्नांतहि वाटलें नव्हतें.

पण खरी मौज संबोधनांची. स्पॅनिशांत जवळच्या माणसाला 'तू' म्हणतात. शब्द आपलाच, अर्थहि आपलाच. परक्याला आणि वडीलधाऱ्यांना 'उस्तेद', म्हणजे 'आपण'. शेजारीण पुस्तकांतून हें घोकून आली होती. कोस्टा रिकांत मात्र 'तू' जवळजवळ कोणी म्हणतच नाहीं. सलगीला 'बोस' असा तिसराच शब्द आहे, आणि एरवीं आई लेकराला, नवरा बायकोला खुशाल 'उस्तेद' म्हणतो. घरमालकीणबाई आपल्या कुत्र्यालाहि 'अहो, इकडे या, बसा' म्हणत. आणि प्रार्थनेंत देवाला मात्र 'तू'! इंग्रजींत सर्वांना एकच शब्द पुरवून वाढलेल्या त्या मुलीनें मला एकदां काकुळतीनें विचारलें, "कुत्र्याला अहो आणि देवाला अरे, हें कसें हो?" मीं सांगितलें, "आमच्याकडेहि विठोबा अरे आहे, आणि ज्यांच्याशीं तीस वर्षें संसार केला ते अहो आहेत." ती बराच वेळ हंसत राहिली, आणि त्या दिवसापासून आमची गट्टी जमली.

परमुलुखांत जाऊन दुसऱ्याचा धर्म सुधारावा, ही कल्पना मला मान्य नाहीं, हें येथें स्पष्ट लिहितें. पण भाषा शिकणाऱ्याला परमेश्वर कसा लहान करून ठेवतो, तें मीं त्या वर्षीं पाहिलें. भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सारे त्यांचे गुरुजी. १५७९ मध्यें गोव्यास उतरलेल्या फादर स्टीफन्सलाहि सासष्टींतल्या पोरांनीं असेंच हंसून शिकविलें असेल. त्याचें मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्यें रायतूर येथें छापून निघालें. मधलीं वर्षें मोजलीं म्हणजे छातीच दडपते.

सप्टेंबरांत, ऐन पावसांत, घरमालकीणबाईंचे यजमान वारले. तेथें अंत्यविधीनंतर नऊ दिवस संध्याकाळीं घरीं शेजारीपाजारी जमून जपमाळ म्हणतात आणि नंतर कॉफी होते. मेलेल्यासाठीं प्रार्थना करणें आणि मेरीमातेची आळवणी करणें, दोन्ही गोष्टी प्रॉटेस्टंटांना वर्ज्य. पहिले दोन दिवस शेजाऱ्यांचें दार बंद राहिलें. तिसऱ्या दिवशीं ती एकटीच माझ्या फाटकाशीं येऊन 'उपे' म्हणाली. डोळे सुजलेले होते. "तुम्ही तर ख्रिस्तीहि नाहीं. तुम्ही कशा जातां?"

मीं म्हटलें, "आमच्याकडेहि दहा दिवस लोक येतात. मंत्र म्हणावयाचे ते गुरुजी म्हणतात. आम्ही बायका चहाचें पाहतों."

ती माझ्याबरोबर आली. बाहेर जप चाले आणि ती स्वयंपाकघरांत पेले विसळीत राही. नवरा येई तो अंगणापर्यंत, आणि छत्री धरून तेथेंच उभा राही.

नवव्या रात्रीं माणसें पांगल्यावर घरमालकीणबाई आंत आल्या आणि तिच्यासमोर बसल्या. म्हणाल्या, "आपण देवाविषयीं शिकलेल्या आहांत. सांगा, आमचे आतां कोठें असतील?"

ह्या प्रश्नाला तिच्या पंथाचें उत्तर तयार आहे, आणि तें त्या बाईंना सोसणारें नव्हतें. आठ महिन्यांत स्पॅनिशहि तेवढें आलें होतें. अंगणांतली छत्री दारापर्यंत आली होती. ओले हात तसेच ठेवून ती म्हणाली, "मला माहीत नाहीं. मी आपल्यापाशीं बसतें." आणि बसली, अर्धी रात्र होईपर्यंत.

आमची मधली भिंत पातळ होती. त्या रात्रीं पलीकडे पुष्कळ वेळ बोलणें चाललें होतें. इंग्रजी मला समजतें, म्हणून मीं रेडिओ लावला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं गृहस्थ फाटकाशीं येऊन 'उपे' म्हणाले आणि घरमालकीणबाईंना हात धरून स्मशानाकडे घेऊन गेले. आपल्या मंडळाला त्यांनीं ह्याविषयीं काय कळविलें, तें मीं विचारलें नाहीं.

वर्ष संपतांच तीं पेरूला गेलीं. जातांना घरमालकीणबाईंनीं गुळाच्या दोन ढेपा बांधून दिल्या. लीमाहून तिचें पहिलें पत्र आलें त्यांत बातमी होती कीं, तेथें जो तो 'तू' म्हणतो, आणि ती शेजारच्या पोराला 'उस्तेद' म्हणाली तर तें पोर मागें वळून कोण मोठें माणूस आलें तें पाहूं लागलें.