एकेक वल्हं

24 सप्टेंबर 2023, रविवार. चीनमधल्या हांगझोऊला आशियाई स्पर्धेतली पदकं त्या दिवशी वाटायला लागली आणि पहिल्याच दिवशी आपल्याला पाच मिळाली. दोन नेमबाजीत आणि तीन चक्क रोइंगमध्ये! अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग यांना लाइटवेट डबल स्कल्समध्ये रौप्य, आठ जणांच्या बोटीला रौप्य, आणि पुरुषांच्या पेअरमध्ये बाबूलाल यादव व लेख राम यांना कांस्य. सोमवारी ऑफिसात विचारून पाहिलं. नेमबाजी लोकांना माहीत होती. बाबूलाल आणि लेख राम ही नावं एकालाही सांगता आली नाहीत. असो.

मी त्या वीकांताला गावी होतो, उत्रोलीला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : सातारा रस्त्याने कापूरहोळला उजवीकडे वळलं की भोर, आणि भोरच्या शेजारी आमचं गाव. आदल्या दिवशीच गौरी गेल्या होत्या, घर जरा रिकामं रिकामं वाटत होतं. दादा आणि मी ओटीवर बसून मोबाइलवर शर्यती बघत होतो. आईने मधेच डोकावून विचारलं, "अरे, हे उलटं तोंड करून का बसलेत? जायचंय कुठे ते दिसत कसं यांना?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. आमच्या शेजारच्या तालुक्याचं नाव वेल्हे (आता राजगड म्हणायचं), पण वल्ह्याशी आमचा संबंध भाटघरच्या जलाशयातल्या होडीपुरता. आणि तिथला होडीवाला पुढे बघतो! रोइंगवाले मात्र पाठमोरे जातात, कारण पाय रोवून, मांड्यांचा आणि पाठीचा सगळा जोर लावून ओढायचं तर तोंड मागेच हवं. बसायची पाटीसुद्धा चाकांवर पुढेमागे सरकते. हातांपेक्षा पायांनी खेळायचा खेळ आहे हा.

आता 'पेअर' म्हणजे काय ते सांगतो, कारण खरी गंमत तिथेच आहे. डबल स्कल्समध्येही माणसं दोनच, पण प्रत्येकाकडे दोन वल्ही. एक डावीकडे, एक उजवीकडे. पेअरमध्ये प्रत्येकाकडे एकच, पण लांबलचक. एकाचं डाव्या बाजूला, दुसऱ्याचं उजव्या. साधारण दहा मीटर लांब, सडपातळ बोट. नियमाप्रमाणे तिचं वजन कमीत कमी 27 किलो, म्हणजे गॅसच्या भरलेल्या सिलिंडरपेक्षाही कमी. सूचना द्यायला कॉक्स नाही. दोघांपैकी एकाच्या बुटाला तारेने जोडलेलं छोटंसं सुकाणू असतं, पण ते वापरलं की वेग कमी होतो. म्हणजे बोट सरळ ठेवायची ती ओढण्यातूनच. एकाने जरा जास्त ओढलं की बोट वळलीच.

हांगझोऊला 2000 मीटरसाठी आपल्या जोडीला 6 मिनिटं 50.41 सेकंद लागले. हाँगकाँग पहिलं, 6:44.20. उझबेकिस्तान दुसरं, 6:48.11. सवयीने गणित करून पाहिलं. मिनिटाला 36 स्ट्रोक धरले तर अडीचशेच्या आसपास स्ट्रोक होतात. सुवर्णापासूनचं अंतर 6.21 सेकंद, म्हणजे त्या वेगाला साधारण 30 मीटर, तीन बोटींइतकं. आणि रौप्य फक्त एक बोट पुढे.

मराठी माणसाला रोइंग म्हटलं की एकच नाव आठवतं, ते म्हणजे दत्तू भोकनळ. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, दुष्काळी भागातला, वडिलांबरोबर विहिरी खोदायला जाणारा मुलगा. 2012 मध्ये लष्करात गेला आणि तिथे त्याच्या हातात वल्हं आलं. 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये तेरावा, 2018 ला जाकार्ता-पालेंबांगच्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या बोटीत सुवर्ण. आणि तो घडला कुठे, तर आपल्या पुण्यात! दापोडीला सीएमईत लष्कराचं रोइंग केंद्र आहे. अर्जुनलाल आणि अरविंद यांनी टोकियो ऑलिंपिकची तयारी तिथेच केली आणि तिथे ते अकरावे आले. ऑलिंपिक रोइंगमधली भारताची तोवरची सर्वांत चांगली कामगिरी. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये आपण शिव्या देत उभे असतो, तेव्हा तिथून थोड्याच अंतरावर पोरं पाण्यावर घाम गाळत असतात आणि आपल्याला पत्ताही नसतो.

तर पेअरकडे परत. मला इतकी वर्षं वाटायचं की बोट सरळ जायची तर दोघांनी अगदी सारखं ओढायला हवं. निम्मं तुझं, निम्मं माझं. पण हे चूक आहे, आणि ते कागदावर सिद्ध करता येतं. बारावीचं फिजिक्स आठवा. बलाचा वळवणारा परिणाम बलावर जेवढा, तेवढाच ते बोटीच्या मध्यापासून किती लांब लागतं त्यावर अवलंबून. आता बोट ज्या दिशेला जाते त्या टोकाजवळ बसलेला तो 'बो' आणि त्याच्यासमोर, मागच्या टोकाकडे बसलेला तो 'स्ट्रोक'. दोघांच्या बसण्यात मीटरभराहून जास्त अंतर असतं. स्ट्रोक सुरू होताना दोघांची पाती बोटीच्या पुढच्या टोकाकडे झुकलेली असतात. बो आधीच पुढे बसलेला, त्यामुळे त्याचं पातं मध्यापासून आणखी लांब जातं. स्ट्रोकचं मात्र मध्याच्या जवळ येतं. म्हणजे तरफ बोची मोठी. स्ट्रोक संपताना पाती मागे जातात आणि सगळं उलटं होतं. आता तरफ स्ट्रोकची मोठी.

याचा अर्थ काय? दोघांनी प्रत्येक क्षणी सारखाच जोर लावला तर बोट आधी एकीकडे, मग दुसरीकडे वळेल. सापासारखी वळवळत जाईल आणि वेळ वाया जाईल. सरळ जायचं असेल तर सुरुवातीला स्ट्रोकने थोडं जास्त ओढायचं आणि शेवटाकडे बोने. एकूण बेरीज जवळजवळ सारखीच होते, पण कुठल्याही एका क्षणाचा फोटो काढला तर दोघांपैकी कोणीतरी एक जास्त ओढत असणार. हे समजल्यावर मी तो रविवारचा व्हिडिओ पुन्हा लावून पाहिला. डोळ्यांना काही दिसत नाही हो. दोन माणसं एका लयीत हलताना दिसतात, बस.

ओटीवर मी दादाला हे सगळं वहीत आकृती काढून समजावलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग आबा जुवाला करायचे तेच की हे." आबा म्हणजे आमचे चुलते. त्यांच्या बैलजोडीत एक बैल दांडगा आणि एक जरा हलका होता. आबा नांगर जुवाच्या बरोबर मध्यावर न बांधता दांडग्या बैलाच्या बाजूला थोडा सरकवून बांधायचे. हलक्या बैलाला लांब बाजू मिळायची, त्याला कमी जोर लावून भागायचं आणि जू तिरकं व्हायचं नाही. चार बोटांचा फरक! आबांना टॉर्क हा शब्द ठाऊक नव्हता. नांगराचं तास मात्र सरळ जायचं.

जगातल्या मोठ्या जोड्या बघितल्या तरी हेच दिसतं. न्यूझीलंडचे एरिक मरे आणि हॅमिश बाँड 2009 पासून 2016 पर्यंत पेअरमध्ये एकही शर्यत हरले नाहीत. सलग 69 शर्यती, लंडन आणि रिओ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णं, आणि लंडनला 6:08.50 हा विश्वविक्रम. मरे अंगाने भारी, बाँड त्याच्याहून हलका. क्रोएशियाचे सिंकोविच बंधू, व्हॅलेंट आणि मार्टिन, रिओला डबल स्कल्समध्ये जिंकले. मग दोन-दोन वल्ही सोडून एकेक वल्ह्याचा खेळ नव्याने शिकले आणि टोकियो आणि पॅरिस दोन्हीकडे पेअरचं सुवर्ण घेतलं. पॅरिसला 2024 मध्ये ते शेवटच्या काही स्ट्रोकपर्यंत ब्रिटनच्या मागे होते. जिंकले 0.45 सेकंदाने. ती शर्यत मिळाली तर जरूर बघा. निदान शेवटचा अर्धा मिनिट तरी.

सख्खे भाऊ एका बोटीत म्हटल्यावर मी आमचा विचार करणार हे ओघानेच आलं.

1998 मध्ये बाबा गेले. तेव्हा दादा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता आणि मी दहावीला. त्याने कॉलेज सोडलं, भाताची खाचरं आणि म्हशी अंगावर घेतल्या. मी इंजिनियर झालो, पुण्यात नोकरी, फ्लॅट, सगळं नेहमीचं. दर महिन्याला पैसे पाठवतो. आई त्याच्याकडे असते. दवाखाना, दळण, पाहुणे, भावकीतली लग्नं-मयतं सगळं तो आणि वहिनी बघतात. आता नातेवाइकांत एक-दोन हिशोबी माणसं असतातच. गेल्या दोन वर्षांत त्यांनी दोघांनाही वेगवेगळं गाठून सांगितलंय की भोरच्या बाजूला जमिनीचे भाव वाढतायत, वेळेत वाटणी करून घ्या, कुणी किती केलं तेही लिहून काढा, पुढे कटकट नको. सल्ला वाईट नाही. अशा हिशोबाअभावी भाऊ कोर्टात गेलेले आमच्याच गावात आहेत, आणि एका बांधासाठी दहा-दहा वर्षं न बोलणारेही.

जमीन मोजून अर्धी करता येते, मोजणीवाला येतो आणि खुणा रोवून जातो. पण 1998 चं काय करायचं? ते वर्ष कुठल्या रकान्यात लिहायचं? तेव्हा सगळा जोर त्यानेच लावला, कारण तो लावण्याची वेळ त्याची होती. आणि स्ट्रोकच्या जागेवर बसलेल्याला समोर कोणीच नसतं. फक्त मागे जाणारं पाणी. लय त्यालाच ठरवावी लागते. बोला निदान समोर एक पाठ दिसते.

दादाला एकदा गमतीत विचारलं होतं, काय करायचं राहून गेलं? तो पटकन म्हणाला, "बीए." तेवढंच बोलला आणि म्हशीकडे गेला. मी विषय सोडला नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा फॉर्म आणला. सही करायला त्याने तीन आठवडे घेतले, पण केली. वय वर्षं 46. त्याची मुलगी पुढल्या वर्षी पुण्यात कॉलेजला येईल, आमच्याकडेच राहील. म्हणजे बाप आणि लेक एकाच वेळी कॉलेजात :-)

सातबारा आम्ही सध्या सामाईकच ठेवलाय. कधीतरी वाटणी करू, भांडण नसताना केलेली बरी, हे दोघांनाही मान्य आहे. पण कुणी किती केलं ते लिहून काढायचं नाही, एवढं ठरलंय.

अडचण एकच आहे. त्याची परीक्षा मे-जूनच्या सुमारास येते आणि तेव्हाच राबात भाताची पेरणी असते. म्हणून ते पंधरा दिवस लॅपटॉप घेऊन मी उत्रोलीत. मॅनेजरला सांगून झालंय, रेंजची सोय बघतोय. आईच्या गुडघ्याच्या तपासण्याही तेव्हाच उरकून घेणार. पेरणी मला जमेल का, याबद्दल वहिनींना दाट शंका आहे, आणि त्या जवळच असतील हे बरंच आहे.

त्या दोन आठवड्यांत इथे नवं काही आलं नाही तर समजून घ्या.