वहीत होतं, मला दिसलं नाही

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात संगणक आणायला सगळ्यांत जास्त विरोध मी केला होता. ग्रंथपाल मीच, त्यामुळे माझा शब्द चालला आणि तो विषय तीन वर्षं मागे पडला. त्या तीन वर्षांचं आज मला मनापासून वाईट वाटतं.

शाळा तालुक्याच्या गावातली, मराठी माध्यमाची, पाचवी ते दहावीची. पुस्तकं सहा हजारांच्या थोडी वर. एवढ्या पुस्तकांना ग्रंथपालाची आठवण पुरते, असं मी ठामपणे म्हणत असे. कोणाला किल्ल्यांची पुस्तकं लागतात, कोण फक्त विज्ञानकथा मागतं, कोण एका दिवसात पुस्तक संपवून दारात उभं राहतं, हे मला तोंडपाठ होतं. देवघेवीच्या टेबलावर यंत्र आलं की माझी नजर मुलाच्या चेहऱ्यावरून पडद्याकडे जाईल, अशी मला खरोखरच भीती वाटत होती. खर्चाचं कारणही मीच पुढे केलं होतं.

खर्चाचं कारण आधी गळून पडलं. एका माजी विद्यार्थ्याने ‘कोहा’ या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरची माहिती आणली. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ इथल्या सार्वजनिक ग्रंथालयांची जुनी संगणक प्रणाली सन 2000 उजाडताना चालणार नव्हती, म्हणून त्यांनी नवी करून घेतली आणि ती सगळ्यांसाठी खुली ठेवली. कोहा हा माओरी भाषेतला शब्द, त्याचा अर्थ भेट. संगणक कक्षातून बाजूला काढलेल्या एका मशीनवर त्या माजी विद्यार्थ्यानेच ती प्रणाली बसवून दिली. एक पैसा लागला नाही.

काम मात्र भरपूर लागलं. उन्हाळ्याच्या दोन सुट्ट्या नोंदी करण्यात गेल्या. नव्या पुस्तकांवर आयएसबीएन असतो, पण आमच्या कपाटांतल्या कितीतरी जुन्या मराठी पुस्तकांवर तो नाहीच. ज्यांच्यावर होता, त्यांचाही तपशील बहुतेक वेळा आयता मिळाला नाही, हातानेच टाइप करावा लागला. पूर्वी कोणीतरी जुन्या फॉन्टमध्ये केलेली यादी युनिकोडमध्ये आणायला गेले, तर पडद्यावर नुसती चित्रविचित्र अक्षरं उमटली. ती यादी टाकूनच दिली. मग मुलं शोधायला बसली आणि ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ पुढे आला. मुलगी ‘भुत’ असं टाइप करायची आणि पडदा म्हणायचा, काही सापडलं नाही. भुताच्या गोष्टींची पुस्तकं तिच्या पाठीमागच्याच कपाटात होती. तेव्हापासून मी प्रत्येक नोंदीत मुलं वापरतात ते शब्द, मुलं करतात त्या चुकांसकट, घालायला लागले. यंत्राने माझं काम हिरावून घेतलं नाही, उलट मी कधी न केलेलं काम माझ्यापुढे ठेवलं.

कपाटांबद्दलही सांगायला हवं. आमची कपाटं काचेची आणि कुलूपबंद होती. मुलांनी बाहेरून बोट दाखवायचं, मी काढून द्यायचं. याचं कारण शिस्त नव्हतं, भीती होती. पुस्तक गहाळ झालं की हिशेब ग्रंथपालाला द्यावा लागतो, आणि मोजणी करायची तर दाखल नोंदवहीतल्या एकेका क्रमांकापुढे टिकमार्क करत अख्खा मे महिना जायचा. बारकोड लावल्यावर तीच मोजणी चार दिवसांत झाली. कोणतं पुस्तक जागेवर नाही हे लगेच कळायला लागलं, तसा मी कुलपं काढायचा धीर केला. पाचवीची मुलं पहिल्या दिवशी कपाटांपुढे फरशीवर मांडी घालून बसली, आणि तास संपल्याची घंटा झाली तरी उठेनात.

सगळंच मला पटलं आहे असं नाही. वाचनाच्या तासाला प्रत्येकाच्या हातात टॅब देण्याला माझा आजही विरोध आहे. पण बालभारतीच्या संकेतस्थळावर ‘किशोर’चे 1971 पासूनचे जुने अंक फुकट वाचायला मिळतात. त्यातली एखादी गोष्ट प्रोजेक्टरवर लावून मी मोठ्याने वाचते, तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही पुढे सरकतात.

माझं मन खऱ्या अर्थाने बदललं ते दोन याद्यांमुळे. त्या कोहात तयार असतात, फक्त मागायच्या. एक यादी कधीच बाहेर न गेलेल्या पुस्तकांची, दुसरी एकही पुस्तक न नेलेल्या वाचकांची. रंगनाथन यांची ग्रंथालयशास्त्राची 1931 सालची पाच सूत्रं मी परीक्षेसाठी पाठ केली होती. दुसरं सूत्र सांगतं की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळायला हवं, तिसरं सांगतं की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. या याद्या म्हणजे तीच दोन सूत्रं होती, फक्त माझ्या शाळेतल्या नावांसकट.

दुसऱ्या यादीत आठवीच्या ‘ब’ तुकडीतली अकरा मुलं होती. अकरा! दर आठवड्याला ही मुलं माझ्यासमोर बसत होती. मला मुलं तोंडपाठ आहेत असं मी म्हणत होते, तेव्हा मला पाठ होती ती मागणारी मुलं. न मागणाऱ्यांची आठवण राहायला माझ्याकडे काही कारणच नव्हतं.

त्यातल्या एकाला मी ओळखत होते, म्हणजे चेहऱ्याने. खिडकीजवळ बसायचा, वर्तमानपत्राचं क्रीडापान वाचायचा. त्याला बोलावलं आणि पुस्तक का नेत नाहीस म्हणून विचारलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “घरी न्यायचं नाही सांगितलंय मॅडम. सहावीत माझ्याकडून एक हरवलं होतं. पैसे भरायला लागले.”

तो गेल्यावर मी जुनी देवघेव वही काढली. नोंद सापडली. पुस्तक हरवले, किंमत वसूल, रुपये 90. अक्षर माझं होतं. दोन वर्षं ती ओळ माझ्याच टेबलाच्या खणात होती, आणि त्या ओळीनंतर त्याचं नाव वहीत पुन्हा कुठेच नव्हतं. नसलेलं नाव वहीत दिसत नाही. ते दिसण्यासाठी मला ते यंत्र लागलं, ज्याला मी तीन वर्षं दारातून परत पाठवलं होतं.

मी मुख्याध्यापक सरांकडे गेले. हरवलेल्या पुस्तकांचा दरवर्षी निर्लेखनाचा प्रस्ताव करायचा आणि मुलांकडून भरपाई घ्यायची नाही, असं ठरवून घेतलं. मग त्याच्या वडिलांना शाळेत बोलावून मी स्वतः तसं सांगितलं. ते फारसं काही बोलले नाहीत, मान हलवून गेले. पुढच्या तासाला मुलाने कपाटातून क्रिकेटचं एक पुस्तक काढलं, तिथेच उभं राहून चाळलं आणि परत ठेवलं. त्याच्या पुढच्या तासाला तेच पुस्तक टेबलावर आणलं.

कोहात उशिराच्या दंडासाठी एक रकाना आहे. त्या दिवशी मी तिथे शून्य भरलं.