बॅटरी भरण्याची घाई

आयर्लंडमधील ॲथलोन येथे आमच्या कन्येचे बिऱ्हाड आहे. आमचा दहा वर्षांचा नातू रिमोटवर धावणाऱ्या मोटारीच्या नादी लागला आहे. मोटार पंधरा-वीस मिनिटे धावते आणि मग बॅटरी चार्ज होईपर्यंत तासभर वाट पाहावी लागते. “आजी, करंट वाढव ना!” हा त्याचा रोजचा धोशा. शिक्षकी पेशात आयुष्य गेल्यामुळे ‘नाही’ म्हणण्यापूर्वी ‘का नाही’ हे सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

ॲथलोनमधून वाहणाऱ्या शॅनन नदीच्या पाण्यावर, खाली आर्डनाक्रूशा येथे, १९२९ साली वीज निर्माण होऊ लागली. पुढे जेम्स ड्रम या आयरिश रसायनशास्त्रज्ञाने बनविलेल्या निकेल-जस्त बॅटरीवर डब्लिन ते ब्रे अशा आगगाड्या १९३२ पासून १९४९ पर्यंत धावल्या. ही बॅटरी झटपट चार्ज होई, हाच तिचा मोठा गुण. परंतु तो वेग तिच्या घडणीतच होता. बाहेरून वीज रेटून आणलेला नव्हता. नातवाला आम्ही प्रथम हेच समजावले.

त्याच्या मोटारीत लिथियम-पॉलिमर बॅटरी आहे. तिचा प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला भरतो. त्यापुढे जाणे धोक्याचे. दोन सेल मिळून ८.४ व्होल्ट होतात, पण एक ४.१ वर आणि दुसरा ४.३ वर असला तरी बेरीज तीच येते! म्हणून दोन्ही सेल सारखे ठेवणारा बॅलन्स चार्जर हवा आणि त्यावर बॅटरीचा प्रकार अचूक निवडावयास हवा. निकेलच्या बॅटरीची पद्धत लिथियमला कदापि लावू नये. बॅटरीवर ३००० मिलिअँपिअर-तास लिहिले असेल तर ३ अँपिअर करंट योग्य. अधिक द्यावयाचा तर उत्पादकाची तशी परवानगी असावी. तरीही करंट दुप्पट केला म्हणून वेळ निम्मा होत नाही, कारण बॅटरी भरत आली की चार्जर स्वतःच करंट कमी करीत जातो.

सकाळी बॅटरी तयार मिळावी म्हणून रात्री जिन्याखाली चार्जर लावून निजण्याचा नातवाचा बेत होता. जिना लाकडी, मुले वर निजलेली, आणि बाहेर पडावयाची वाट तीच. लिथियमची आग क्षणात भडकते. कन्येने व आम्ही त्याला स्पष्ट नकार दिला. आता चार्जर स्वयंपाकघरातील फरशीवर असतो, आसपास कागद-कापड नसते आणि मोठे माणूस जागे राहून जवळ असते. धावून तापलेली बॅटरी थंड झाल्यावरच चार्जरला लागते. फुगलेली बॅटरी चार्ज करावयाची नाही आणि घरातील कचऱ्यातही टाकावयाची नाही, ती संकलन केंद्रावर द्यावयाची, हेही ठरले आहे.

रुसवा दोन दिवस टिकला. मग आम्ही त्याला तशीच दुसरी बॅटरी घेऊन दिली. एक मोटारीत असता दुसरी सावकाश भरते, आणि त्याची वाट पाहण्याची वेळ बरीच कमी झाली आहे.

वाचकहो, परदेशी राहणाऱ्या नातवंडांना आपण हौसेने अशा मोटारी भेट देतो. त्यासोबत चांगला चार्जर व एक जादा बॅटरी द्यावी, आणि आईबापांना चार शब्द सांगून ठेवावेत, एवढीच आमची विनंती.